तोंडापुरतं

“काका ओढतात कसं?” पोरीनं विचारलं. “म्हंजे आधी तोंडात घेऊन मंग आत, का सरळ छातीत?”

प्रश्न एवढाच होता. काउंटरच्या वर मोबाइलची कव्हरं टांगलेली, फुलांची, वाघाची, एकावर पिंडीचं चित्र. आणि त्या सगळ्यांच्या मधून लुंबिनी नावाची ती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी माझ्याकडे बघत होती, शिंप्यानं बाहीचं माप विचारावं तशी. नांदेडच्या विष्णुपुरीच्या रस्त्यावर दुपारचे दोन वाजत आले होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. हा माणूस भाकरीचा पहिला घास कुठल्या बाजूच्या दातानं चावतो ते मला ठाऊक आहे. शिंक यायच्या आधी त्याचा डावा डोळा बारीक होतो, खोटं बोलायच्या आधी तो हात पुसतो, हात कोरडे असले तरी. पण धूर त्याच्या तोंडात थांबतो का न थांबता खाली उतरतो, हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे एकदा विचारलं होतं, डॉक्टरांनी. तेव्हा मी ठोकून सांगितलं होतं, “तोंडापुरतं ओढतात, आत घेत नाहीत.” डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला होता. त्यात छाती काळीच काळी दिसत होती. काळी जागा हवेची असते, काळजी पांढऱ्याची करायची, हे मला मागाहून कळलं; पण घाबरायचं ते मी घाबरून घेतलं होतं, ते काही परत देता आलं नाही. डॉक्टर माझं उत्तर ऐकून नुसते एक्स-रेकडे बघत राहिले, जणू तो माझ्यापेक्षा खरं बोलत होता.

लातूरला गोलाईच्या मागे आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, वरती घर. जळालेल्या मोटारी येतात, त्यांच्यातली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजायचं आणि परत पाठवायच्या. नावानं हे सिद्धलिंग, पण शिवानी, आमची मुलगी, त्यांना अप्पा म्हणते, गिऱ्हाइकं अप्पा म्हणतात, म्हणून मनातल्या मनात मीही अप्पाच म्हणते. हाक मारताना मात्र अहो. कॉइल हा शब्द आमच्या घरात मिठासारखा. पण ही जी कॉइल मी नांदेडात मागायला आले होते ती करंगळीच्या पेराएवढी. दोन वर्षांपूर्वी छातीचं दुखणं निघालं तेव्हा शिवानीनं हैदराबादेहून एक पेन आणून दिला होता, लिहायचा नव्हे, ओढायचा, ई-सिगारेटचा. “अप्पा, बिडीच्या जागी वर्षभर हे, मंग हे पण बंद.” डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणाले, दोन्ही नको, आणि ह्याच्या तर विक्रीलाच बंदी आहे, मला दाखवूही नका. पण बिडी परत सुरू झाली तर घरात ऑक्सिजनची टाकी ठेवायला जागा करून ठेवा, असंही म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी अप्पांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून घरात कुठंही मोकळा कोपरा दिसला की मला तिथं टाकी उभी दिसते. मी तिथं बादली ठेवते, कुंडी ठेवते, शिलाई मशीन सरकवते. आमच्या घरात आता एकही कोपरा मोकळा नाही.

वर्ष झालं आणि शिवानीनं शब्द पाळला. अप्पांनी पाळला नाही. “आता मी आणणार न्हाई,” ती फोनवर म्हणाली, आणि ह्यांनी हात पुसले. पेनातली कॉइल तीन-चार आठवड्यांत मरते. इवलीशी डबी, आत तारेचं वेटोळं, तारेभोवती कापूस. तार तापते, कापसात मुरलेलं निकोटिनचं पाणी उकळतं, त्याची वाफ. कापूस जळाला की तोंडात करपट चव येते. मागच्या महिन्यात असंच करपलं, तेव्हा कुणाकडून तरी एक कॉइल दुकानात आली. पेनात बसली, म्हणजे बरोबरच असणार. मी वरती पोळ्या लाटत होते. खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला, पत्र्याचा. आमच्याकडे पत्र्याचे आवाज दिवसभर येतात, म्हणून मी पोळी उलटली, आणि मग दुसरा आवाज आला नाही म्हणून घाबरले. खाली गेले तर हे दोन स्टेटरच्या, म्हणजे मोटारींच्या लोखंडी खोळींच्या, मधे कुशीवर, चेहरा हळदीसारखा, कपाळावर थंड घाम, ओकारीनं शर्ट भिजलेला, आणि हातात पेन घट्ट. मी पेन काढून घ्यायला गेले तर बोटं सोडेनात. अर्ध्या तासानं पाणी प्यायले. म्हणाले, “कॉइल जराशी मोठी होती गं.” आणि ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मी भीतीला ओळखते, ती भीती नव्हती.

ह्या खेपेला माझी बहीण पार्वतीबाई हिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला बघायला मी नांदेडला येणार होते, तेव्हा विष्णुपुरीच्या एका गिऱ्हाइकानं ह्या दुकानाचा पत्ता दिला. अप्पांना स्वतःला येणं जमत नाही, एसटीच्या तीन पायऱ्या चढल्या की ते खांब धरून उभे राहतात आणि मागची माणसं शिव्या घालतात. म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. पेनात भरायच्या पाण्याची बाटलीही दिली, दाखवायला. मी चिठ्ठी बघितली नाही. त्यांचं अक्षर मी टॅगांवर रोज बघते. मोटार तयार झाली की ते एक पुठ्ठ्याचा टॅग बांधतात: शेतकऱ्याचं नाव, गाव, आणि मीटर लावून मोजलेला ओम. आता ओम म्हणजे विजेला तार किती अडवते त्याचं माप, पण हे ज्यांच्या हाताखाली शिकले ते उदगीरचे गुंडप्पा मास्तर ओम हे ॐ असंच लिहायचे, त्यांना दुसरं चिन्ह असतं हे माहीतच नव्हतं. हेही तेच शिकले. लोहा-चाकूरपर्यंतच्या विहिरींवर आमच्या मोटारी ॐ बांधून गेल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, अप्पाची मोटार जळत न्हाई, देवाचं नाव घालून देतो तो. लग्नानंतर वर्षभर मलाही वाटायचं की माणूस फार भाविक आहे. घाईत लिहिताना मात्र वरची चंद्रकोर गळते आणि शेपूट आखडतं.

लुंबिनीनं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. “काकू, एक पॉइंट दोन पाहिजे का पॉइंट तीन? दोन्ही लिहिलंय की.”

“तीन कुठंय? ते ॐ हाय.”

“नाव घेऊन मागवलं का काय?” ती हसली. मग मला दाखवायला चिठ्ठी काचेवर ठेवली. १.२, आणि पुढे एक ठिपका, आणि ठिपक्याच्या पुढे ते. ॐ असेल. तीन असेल. ठिपका पेन टेकल्याचा असेल. मी चष्मा चढवला, काढला. “ही बघा दोन्ही,” ती म्हणाली आणि बोळक्यातून दोन कॉइली काढून चिठ्ठीच्या शेजारी ठेवल्या, एक सडपातळ, एक पोट सुटलेली. “बिडीवाले काय करतात, गाल आत घेऊन तोंडात भरतात, मंग श्वास. त्यांना ही एक पॉइंट दोन. बारीक तार, ताप कमी, भोक बारीक, ओढाय जरा घट्ट लागती. हुक्का ओढल्यासारखं जे सरळ छातीत घेतात त्यांना ही पॉइंट तीन. ढगच ढग. पाणी कोणतं हाय काकांचं?”

मी बाटली दाखवली. तिनं त्यावरचा निकोटिनचा आकडा वाचला आणि पोट सुटलेली कॉइल बोटानं मागं सरकवली. “पन्नास? एवढं कडक पाणी आन् पॉइंट तीन, सरळ छातीत? माणूस आडवा होतो काकू.”

“झालाय.”

ती गम चघळत होती, ती थांबली. “मंग एक पॉइंट दोनच न्या.”

“दे मग.”

“देते. पण काका सरळ छातीत ओढणारे असले तर ही पुरायची न्हाई त्यांना. जोर लावून लावून ओढतील, कापूस भिजायच्या आत. कोरडी जळती मंग. आठ दिवसांत कडू झाली की बिडी. लई बघून राहिले मी असे. म्हणून इचारलं.”

“हलकं पाणी नाही का?”

“संपलं. कधी येईल काय सांगू, हे काय किराणा हाय का?”

“आणि तोंडात घेतलं तर,” मी विचारलं, आणि माझा आवाज मला अव्वाच्या आवाजासारखा ऐकू आला, आई दवाखान्यात बोलायची तसा, “तोंडातच राहतं ना ते?”

“तोंडात राहून काय करंल काकू? जातं छातीतच. फक्त मधे थांबतं.”

मी फोन लावला. अप्पांनाच विचारू, चिठ्ठीत काय आहे आणि ओढता कसं. रिंग जात राहिली. लातूरच्या दुकानातल्या त्या रिंगेचा आवाज मला इथं ऐकू येत होता, रिकाम्या डब्यात गोटी हलवल्यासारखा. परत लावला. उचलला नाही. लुंबिनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला काच चिकटवून देऊ लागली आणि मी त्या दोन कॉइलींसमोर उभी राहिले.

मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. माझे वडील नागप्पा, नांदेडला पेढीवर दिवाणजी, त्यांनी बशीत पोहे ठेवून सरळ विचारलं होतं, काही व्यसन? आणि हे म्हणाले होते, “हाव, बिडी हाय. पण तोंडापुरतं.” वडील खूश झाले. पोरगं खरं बोलतंय, म्हणाले, खोटं बोलणारा नाही म्हणाला असता. मी दाराआडून ऐकत होते आणि मलाही ते आवडलं होतं, दोष मान्य करणारा आणि लगेच त्याला आवर घालणारा तो शब्द. तोंडापुरतं. ह्याच शब्दाचा दुसराही अर्थ होतो, बोलायचं म्हणून बोललेलं, आत काही नसलेलं, हे मला त्या वयात माहीत होतं, पण दारामागं उभ्या असलेल्या मुलीला एका शब्दाचा एकच अर्थ पुरतो. पुढं एकतीस वर्षं तो शब्द आमच्या घरात राहिला. मी खोकला ऐकला की ते म्हणायचे, तोंडापुरतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी तेराव्या बिडीला मी हात धरला तर म्हणाले, तोंडापुरतं गं. आणि माझ्यादेखत ते तसंच ओढायचे. गाल आत, ओठ चिमटीत, मग थांबणं, मग फू. आत जायला जागाच दिसायची नाही. मी ते बघायची आणि निर्धास्त व्हायची.

पण मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. मी ते चौथ्या पायरीवर ठेवून आले होते. आमच्या घरातून दुकानात उतरणाऱ्या जिन्याला चौथ्या पायरीपाशी एक जाळीची खिडकी आहे, तिथून वर्कशॉपचा मागचा भाग दिसतो. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालची ही गोष्ट. बोअर आटत चालले होते आणि मोटारी पाण्याशिवाय चालून चालून जळत होत्या, दुकानाबाहेर जळालेल्या मोटारींची रांग, आणि अप्पा सारखे एकच वाक्य बोलायचे, मोटार कोरडी चालली की आधी वास येतो, मग आवाज बदलतो, मग संपतं. वासापाशी थांबला तर वाचते. मी चहा घेऊन उतरत होते. चौथ्या पायरीवरून दिसलं: हे एकटे, खुर्चीत मान मागं टाकून, डोळे मिटलेले, आणि बिडीचं टोक लाल होत गेलं, होत गेलं, थांबेना. गाल आत गेले नाहीत. कुठंच थांबलं नाही. छाती वर आली, वर आली, आणि मग धूर कितीतरी वेळ बाहेर आलाच नाही, इतका वेळ की मला वाटलं तो येणारच नाही. आणि चेहरा. तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. इतका शांत, इतका सुटलेला चेहरा ह्या माणसाला असतो आणि तो माझ्या वाटणीला एकदाही आला नाही, ह्याचा मला आधी मत्सर वाटला. भीती मागाहून आली. मग मी काय केलं? खाली गेले नाही. दोन पायऱ्या मागं चढले, हातातल्या बांगड्या वाजवल्या आणि मग उतरले. तोवर बिडी चिमटीत होती, गाल आत होते, फू. “तोंडापुरतं,” ते म्हणाले. मी चहा दिला. त्यानंतर मी त्या जिन्यावरून बांगड्या न वाजवता कधी उतरले नाही. लोकांना वाटतं बायकांना सवय असते.

त्यामुळं चिठ्ठीवरचं ते चिन्ह तीनही असू शकत होतं. ते मला सांगून तीन मागवणार नाहीत, पण ॐ सारखा दिसेल असा तीन लिहून मागवतील, आणि मी माझ्या हातानं, पदराआड, ते डोळ्यांतलं चमकणं घेऊन घरी जाईन. किंवा तो खरोखर ॐ होता, आणि माणसानं बिचाऱ्यानं नेहमीसारखं माप लिहिलं होतं, आणि मी एकतीस वर्षांच्या नवऱ्याच्या अक्षरात चोर शोधत विष्णुपुरीला उभी होते.

“ठरलं का काकू?”

“माझ्यासमोर तोंडात ओढतात,” मी म्हणाले. “मागं छातीत.”

हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. डॉक्टरांना नाही, शिवानीला नाही, बहिणीला नाही; मोबाइलची काच पुसणाऱ्या एका पोरीला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं सडपातळ कॉइलचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

“मंग तुमी समोरच बसून राहा की,” ती म्हणाली. “दुसरं काय?”

पाकीट मी पार्वतीबाईच्या डोळ्यांच्या थेंबांच्या रिकाम्या खोक्यात घातलं. बंदी असलेली वस्तू बाळगायची अक्कल मला इतक्या सहज आली ह्याचं मलाच नवल वाटलं. बसमध्ये बसल्यावर मात्र ती अक्कल गेली. खोकं पिशवीत ठेवलं तर पिशवी वेगळी दिसू लागली, म्हणून ते हातात धरलं. लोह्याला एक पोलीस चढला आणि शेजारीच बसला. नुसता घरी निघालेला माणूस, दमलेला, टोपी मांडीवर. माझ्या हाताकडं बघून म्हणाला, “डोळ्याचं का, ताई?” मी मान हलवली. “माझ्या मायचं बी करायचंय. कोणते थेंब दिले, बघू?” त्यानं हात पुढं केला. त्या हातावर वैष्णवी असं गोंदलं होतं, लेकीचं असेल, बायकोचं असेल. मी म्हणाले, “हे नका घेऊ. ह्यानं लई जळजळ होती.” “असं का,” तो म्हणाला आणि हात मागं घेतला. अहमदपूरला उतरताना त्यानं मला सांगितलं, “काळजी घ्या डोळ्याची.” माझ्या पाठीतून घामाची एक धार खाली गेली ती बराच वेळ जातच राहिली.

मी फोन लावत होते. अहमदपूरला लावला, शिरूरला लावला, चाकूरला दोनदा. प्रत्येक वेळी रिंग पूर्ण वाजायची आणि एक बाई तीन भाषांत मला सांगायची की ते उत्तर देत नाहीत. माझ्यात दोन भीती शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींना जागा देत नव्हत्या. एकीत ते दोन स्टेटरच्या मधे पडलेले होते, ह्या वेळी पालथे, आणि पत्र्याचा आवाज ऐकायला वरती कुणी पोळी लाटत नव्हतं. दुसरीत ते टपरीपाशी उभे होते, धडधाकट, मान मागं टाकून बिडी ओढत. लाज वाटते सांगायला, पण चाकूर मागं पडेपर्यंत मला ह्यातली कुठली जास्त भीती वाटते हे ठरवता येईना. पडलेला माणूस माझा होता; त्या उभ्या माणसाला माझी गरज नव्हती. आणि मला आठवलं, मागच्या महिन्यात त्यांची बोटं पेनावरून सुटत नव्हती तेव्हा मी एका क्षणाला ओढायची थांबले होते. मला वाटलं होतं, असू दे. ज्याला धरून ठेवावंसं वाटतं असं ह्यांच्याजवळ काहीतरी आहे, असू दे. हा विचार कुठून आला होता कोण जाणे. मी तो खिडकीबाहेर सोडून द्यायचा प्रयत्न केला, तिथं सोयाबीन काढलेली काळी रानं होती, आणि तो परत आत आला.

लातूरला पोचले तर दुकानाचं शटर अर्धं खाली. अर्धं शटर म्हणजे काय हे मला माहीत आहे, जेवायला गेले तर अर्धं, बाजारात गेले तर अर्धं. मेले तर शटर कोण ओढणार? मी वाकून आत शिरले, बांगड्या न वाजवता. वार्निशचा वास आला, इतका जाड की डोळे झोंबले. अप्पा माझ्याकडं पाठ करून स्टुलावर बसले होते, ताठ, आणि पंप सेटच्या वाइंडिंगवर ब्रश फिरवत होते. पंखा मोठ्यानं चालू. फोन तारेच्या रिळाखाली.

“आलीस?” ते न वळता म्हणाले. “पार्वतीबाईला दिसून राहिलं का?”

“फोन का उचलला न्हाई?”

“फोन?” त्यांनी इकडं तिकडं बघितलं. “पंख्यात ऐकू येत न्हाई बघ.” आणि हात पुसले. हाताला वार्निश होतं, म्हणून पुसले असतील. मी नाकानं हवा ओढून बघितली, खोलवर, दुसरा वास शोधत. वार्निशखाली कुठलाच वास सापडत नाही. ते काम उद्याचं होतं, सकाळी निघताना त्यांनीच मला सांगितलं होतं, वार्निश उद्या.

मी खोकं दिलं. त्यांनी कॉइल काढली, तळहातावर घेतली, आणि सगळ्या कॉइलींचं करतात तेच तिचं केलं. मीटरच्या दोन पिना दोन टोकांना टेकवल्या. एवढीशी वस्तू आणि तीस वर्षांच्या सवयीचा हात. आकडा थरथरून स्थिर झाला. “एक पॉइंट दोन,” ते म्हणाले. “बराबर हाय.” तो आवाज जरा पडला का, मी कान देऊन ऐकलं. आकडा वाचायचा आवाज असतो तसाच होता.

मी चिठ्ठी काढून दिव्याखाली धरली. “हे काय लिहिलं तुमी? ती पोरगी म्हणाली, तीन हाय.”

त्यांनी बघितलं. बघायला जेवढा वेळ लागतो त्याहून जरा जास्त बघितलं. “ॐ हाय की,” ते म्हणाले. मग हसले. “गुंडप्पा मास्तर असते तर कानाखाली दिली असती, असा ॐ काढला म्हणून.”

“तिनं विचारलं, काका ओढतात कसं.”

“मंग? काय सांगितलंस?”

“तोंडापुरतं,” मी म्हणाले.

त्यांनी कॉइलच्या भोकांतून कापसावर पाण्याचे दोन-दोन थेंब सोडले, ती पेनात बसवली, पेनाची टाकी भरली आणि पेन बाकड्यावर उभा करून ठेवला. “कापूस भिजू दे,” म्हणाले. “कोरडं ओढलं की पहिल्याच झुरक्याला जळती.” दहा मिनिटं. आम्ही दोघं त्या पेनाकडं बघत बसलो, दूध उतू जायची वाट बघावी तसे. एकतीस वर्षांत आम्ही समोरासमोर नुसतं बसलोय असं किती वेळा झालं असेल. त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी येत होती, श्वास घेताना नाही, सोडताना. ती शिट्टी आधी होती का? आवाज बदलतो, ते म्हणायचे. आधी वास, मग आवाज.

त्यांनी पेन उचलला. गाल आत गेले, थांबले, मग श्वास. थोडीशी वाफ, गोडसर, बडीशेपेसारखी. “बघ,” ते म्हणाले.

“मी बघत न्हाई असं समजून ओढा,” मी म्हणाले, आणि माझं स्टूल फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले.

भिंतीवर खिळ्याला टॅगांची माळ टांगलेली होती, जुन्या मोटारींचे, नेलेल्यांचे, न नेलेल्यांचे. प्रत्येकावर ॐ. काही नीट, काही आखडलेले, आणि आता बघितलं तर निम्मेअधिक तीनसारखेच दिसत होते. माझ्यामागं बुडबुड्यांचा बारीक आवाज सुरू झाला. मी डोळे मिटले. आवाज चालत राहिला, मघापेक्षा लांब, आणखी लांब, माझी बोटं स्टुलाच्या कडेला घट्ट झाली, आणि मग तो थांबला. थांबला म्हणजे मागं कसलाच आवाज उरला नाही. बाहेर एक ऑटो गेली. कुणीतरी कुणाला सुपारी फोडायला सांगत होतं. आणि मग, त्यानंतर, श्वास आत गेला.

फक्त मधे थांबतं.

“ऐकलंस?” मागून आवाज आला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पाठीलाही कान असतात हे त्यांना माहीत होतं, आणि तो थांबा त्यांनी मला दिला होता. कदाचित तो तेवढाच देण्यासारखा असेल त्यांच्याजवळ. कदाचित तेवढ्यानं आठवडा निघेल, महिना निघेल, कापूस भिजत राहील. पण तो माझ्यासाठी होता. मी नसले की तो नसेल, हे मला त्या क्षणी चौथ्या पायरीवरून दिसावं इतकं स्वच्छ दिसलं.

“हाव,” मी म्हणाले.

बहिणीनं दिलेलं पिशवीतलं लोणचं वरती न्यायचं होतं, भात लावायचा होता, पार्वतीबाईला पोचल्याचा फोन करायचा होता. मी उठायला एक पाय जमिनीवर टेकवला. मागे पेन परत ओठांपर्यंत गेल्याचं मला वाऱ्यावरून कळलं, आणि मग काहीच आवाज आला नाही. ते ओढत नव्हते. वाट बघत होते. मी जायची, किंवा मी न जायची, पाठीला एवढं कळत नाही.

“चहा करतीस का?” त्यांनी विचारलं, अगदी हलकेच.

“करते की,” मी म्हणाले, आणि उठले नाही. हातातल्या बांगड्या तेवढ्या वाजवल्या, मी आहे हे कळावं म्हणून.